बाळाचा घास : बोंडल्यापासून वाटीपर्यंत

मराठी घरात मूल सहा महिन्यांचे झाले की त्याच्या उष्टावणाचा दिवस ठरतो. आजोळहून चांदीची वाटी येते. मामा बाळाला मांडीवर घेतो, सोन्याच्या अंगठीने खिरीचा थेंब त्याच्या जिभेला लावतो आणि घरातील वडीलधारी मंडळी ते कौतुक डोळे भरून पाहतात. सोहळा तासाभरात आटोपतो आणि चांदीची वाटी फडक्यात गुंडाळून कपाटात जाते. खरा प्रश्न उभा राहतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी. आज बाळाला काय भरवायचे, किती भरवायचे, कशातून भरवायचे, दिवसातून किती वेळा भरवायचे आणि कोणी भरवायचे? आईच्या दुधापासून मोठ्यांच्या ताटापर्यंतचा हा प्रवास सुमारे अडीच वर्षांचा असतो. लढायांच्या आणि तहांच्या इतिहासात त्याला कोठे जागा मिळालेली नाही. तथापि किती मुले धडधाकट उभी राहिली आणि किती मुले पुन्हा उठलीच नाहीत, याचा निर्णय पिढ्यान् पिढ्या बऱ्याच अंशी याच अडीच वर्षांत लागत आला आहे.

या प्रश्नाचा विचार आपल्या पूर्वजांनी फार प्राचीन काळी केला होता. गृह्यसूत्रांनी अन्नप्राशनाचा संस्कार सहाव्या महिन्यात सांगितला. सुश्रुतानेही सहाव्या महिन्यापासून बालकाला हलके आणि हितकर अन्न द्यावे असे म्हटले आहे. बालकांच्या चिकित्सेलाच वाहिलेली काश्यपसंहिता याहून सावध आहे. सहाव्या महिन्यात प्रथम फळे द्यावीत आणि धान्याचे अन्न दात आल्यावर, दहाव्या महिन्याच्या सुमारास सुरू करावे, असा तिचा क्रम आहे. याच ग्रंथात ‘फक्क’ नावाच्या रोगाचे वर्णन येते. वर्ष उलटले तरी जे मूल पायांवर चालू लागत नाही, ज्याचे दंड, मांड्या आणि नितंब सुकले आहेत, पोट व डोके मात्र मोठे दिसते, ते फक्क. या रोगाची तीन कारणे ग्रंथकाराने दिली आहेत. पाजणारीचे दूध दूषित असणे हे एक, अन्य व्याधी हे दुसरे, आणि तिसरे असे की, आईला पुन्हा दिवस गेल्यामुळे अंगावरच्या मुलाचे दूध तुटणे. औषधी तुपे आणि दूध यांच्या जोडीला अशा मुलासाठी तीन चाकांचा एक छोटा रथही सांगितला आहे. आपल्या घरोघरच्या पांगुळगाड्याचा तो पूर्वजच म्हणावा लागेल. आईला पुन्हा दिवस गेल्याने आधीचे मूल खंगते, हे त्या जुन्या वैद्याचे निरीक्षण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ते पुढे फार दूरच्या एका देशात पुन्हा भेटणार आहे.

शास्त्रग्रंथ पंडितांच्या हाती राहिले. घराघरांत काम केले ते बोंडल्याने आणि वाटीने. बोंडले म्हणजे पितळेचे किंवा चांदीचे, तळहातावर मावणारे आणि एका बाजूला चोच काढलेले छोटे भांडे. त्यातून बाळाला दूध, पाणी, गुटी पाजली जाई. तमिळ प्रदेशात यालाच पालाडै म्हणतात, तर बंगालमध्ये झिनुक. झिनुक म्हणजे शिंपला. या भांड्याचा मूळ आकार कोठून आला असावा हे त्या नावातच दिसते. बोंडल्याचा मोठा गुण असा की ते उघडे असते. त्याचा कानाकोपरा डोळ्यांना दिसतो, राखेने घासता येतो, उकळत्या पाण्याने धुता येतो आणि उन्हात वाळवता येतो. हा गुण किती मोलाचा होता हे पुढे रबरी नळीच्या बाटल्या आल्या तेव्हा कळून आले.

वाटीत काय असे, हे प्रदेशाप्रदेशाच्या धान्यावर अवलंबून होते. मराठी कुटुंबे जेथे जेथे जाऊन स्थायिक झाली तेथील पिकाने त्यांच्या बाळांची वाटी भरली. कोकणात तांदूळ आणि मुगाची डाळ भाजून, भरड दळून केलेले खिमट, गोव्यात नाचणी, गूळ आणि नारळाच्या दुधाचे तिजण, बेळगावच्या बाजूला नाचणीची आंबील, इंदूर आणि माळव्यात गव्हाच्या रव्याची थुली, बडोद्याकडे राब. देशावर मऊ भात, मुगाचे वरण, तुपाची धार आणि चिमूटभर मेतकूट. यांतील काही पदार्थांत धान्याला डाळीची जोड आहे. भाताच्या किंवा गव्हाच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी पडतो, डाळीत तो भरपूर असतो. म्हणून दोन्ही मिळून जे होते ते एकट्याने होत नाही. हे रसायन आजीला ठाऊक नव्हते. वरण-भाताची सांगड मात्र तिला पक्की ठाऊक होती.

परंतु म्हणून जुने ते सारे सोने होते असे मानणे ही मुलांशीच प्रतारणा ठरेल. पुष्कळ घरी बाळाच्या वाट्याला पेज येई ती वरची पाणीदार निवळी. दाट भाग मोठ्यांच्या पानात जाई. काही घरी वर्षाच्या वर होईपर्यंत मुलाला दुधाखेरीज काही द्यायचे नाही अशी समजूत होती. हगवण लागली की पोटाला विश्रांती म्हणून खाणेच बंद करीत, आणि आधीच सुकलेले मूल अधिक सुके. बोंडल्याचाही दुरुपयोग होत असे. ‘नाक दाबले की तोंड उघडते’ ही म्हण राजकारणात वापरली जाते. पण घाईत असलेल्या हातांनी ती पायांवर आडव्या धरलेल्या बाळावर अक्षरशः चालविली आहे. जबरदस्तीने ओतलेले दूध श्वासनलिकेत गेले तर जिवावर बेतते. भांडे चांगले होते. ते धरणाऱ्या हाताला सवड हवी होती.

एकोणिसाव्या शतकात युरोपातील कारखान्यांना हीच सवड नव्हती. आई यंत्रावर उभी आणि मूल घरी, अशी स्थिती लाखो कुटुंबांत निर्माण झाली. तेव्हा रसायनशास्त्र पुढे सरसावले. १८६५ च्या सुमारास जर्मनीचे विख्यात रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी गव्हाचे पीठ, मोड आणलेल्या धान्याचे पीठ, गाईचे दूध आणि किंचित क्षार यांचे बालान्न सुचविले. १८६७ मध्ये स्वित्झर्लंडमधील व्हेवे गावी आंरी नेस्ले यांनी दूध, भाजलेल्या गव्हाचे पीठ आणि साखर यांची भुकटी विक्रीस आणली. थोड्याच वर्षांत अशा डब्यांची बाजारात रीघ लागली. त्याच काळात काचेच्या बाटलीला लांब रबरी नळी जोडलेली दूधबाटली इंग्लंडमध्ये लोकप्रिय झाली. बाटली बाळाच्या उशाशी ठेवायची, नळीचे टोक तोंडात द्यायचे आणि आईने आपल्या कामाला लागायचे, इतकी ती सोयीची होती. परंतु ती नळी आतून घासता येत नव्हती. दुधाचा थर तिच्यात आंबे, जंतू माजत आणि बाळाला जुलाब होत. पुढे लोकच तिला खुनी बाटली म्हणू लागले. जे साधन हाताची जागा घेण्यासाठी काढले होते, त्याने मुलांचे प्राण घेतले.

डब्यांतील अन्नाचीही परीक्षा झाली. १८८३ मध्ये लंडनचे डॉक्टर टॉमस बार्लो यांनी दाखवून दिले की, हिरड्यांतून रक्त येणारी, हातपाय हलविताना किंचाळणारी काही मुले खलाशांना होणाऱ्या स्कर्व्ही रोगानेच पीडित आहेत. ही मुले बहुधा खाऊनपिऊन सुखी घरांतील होती. त्यांना डब्यातील अन्न आणि आटवलेले दूध नेमाने मिळत होते. त्यांना मिळत नव्हते ते ताजे अन्न. ताजे दूध, शिजवून कुस्करलेला बटाटा, संत्र्याचा रस एवढ्याने ही मुले काही दिवसांत हसू-खेळू लागत. ‘क’ जीवनसत्त्व हे नाव तेव्हा जन्माला यायचे होते. पण भरलेला डबा आणि पोसलेले मूल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढा धडा त्याने घालून दिला.

मुंबईच्या गिरणगावात डबेही परवडणारे नव्हते. १९२० नंतरच्या दशकातील सरकारी पाहण्यांनी एक विदारक वस्तुस्थिती नोंदविली. दिवसभर गिरणीत उभ्या राहणाऱ्या आया आपल्या तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देऊन निजवून जात. मूल रडत नसे, आणि भूक लागली हे सांगतही नसे. त्या आयांना दोष देणे सोपे आहे. पण मजुरीचा एक दिवस बुडाला तर चूल पेटत नव्हती. हा प्रश्न आईच्या मायेचा नसून तिच्या वेळेचा आहे, हे कायद्याला हळूहळू उमगले. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती-साहाय्याच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने कायद्याने, जेथे पन्नासांहून अधिक स्त्रिया काम करतात तेथे पाळणाघर असलेच पाहिजे, असा दंडक घातला. बाळाच्या आहाराच्या इतिहासात या कायद्यांचे स्थान कोणत्याही पौष्टिक भुकटीहून खाली नाही.

याच सुमारास आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, आजच्या घाना देशात, सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टर काम करीत होत्या. एक ते चार वर्षांची मुले त्यांच्याकडे येत, ती पाय सुजलेली, केस भुरकट झालेली, कातडी सोलवटलेली आणि हसू हरवलेली अशी. १९३३ मध्ये त्यांनी या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि १९३५ मध्ये त्याला तेथील गा लोकांनी दिलेलेच नाव वापरले, क्वाशिओरकोर. दुसरे मूल जन्माला आले की पहिल्याला होणारा आजार, असा त्या नावाचा भाव. आईच्या अंगावरून उतरलेल्या मुलाला तेथे मक्याच्या लापशीखेरीज काही मिळत नसे. विल्यम्सबाईंचे मोठेपण असे की, रोगाचे नाव त्यांनी आपल्या ग्रंथांत न शोधता बाळांच्या आयांकडून ऐकून घेतले. पुढे तीनच वर्षांनी, १९३८ मध्ये, नेपाळात सापडलेल्या खंडित पोथीवरून काश्यपसंहिता मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात छापून निघाली. आईला पुन्हा दिवस गेल्याने खंगणाऱ्या मुलाचे वर्णन तीत होतेच. दोन भिन्न खंडांत, इतक्या शतकांच्या अंतराने, बायकांनी आणि वैद्यांनी एकच दुःख ओळखले होते.

हिंदुस्थानात या विषयाचे शास्त्रीय केंद्र निलगिरीतील कुन्नूर येथे उभे राहिले. तेथील पोषण प्रयोगशाळेचे संचालक डॉ. आयक्रॉइड यांनी १९३७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली, आणि नाचणी, हरभरा, शेवग्याचा पाला अशा घरगुती जिनसांचे मोल प्रथमच आकड्यांत लोकांपुढे आले. याच संस्थेत काही वर्षे काम केलेल्या डॉ. कमला सोहोनी यांचा जन्म १९११ मध्ये इंदूरला झाला. १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून त्या परतल्या आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी डाळी-कडधान्यांच्या प्रथिनांवर व नीरेवर संशोधन केले. प्रथिनांच्या पचनाला अडथळा आणणारे काही घटक आपल्या खाद्यपदार्थांत असतात, त्यांचाही त्यांनी अभ्यास केला. कडधान्यांतील अशा घटकांचा जोर शिजवल्याने मोडतो. मुगाचे वरण बाळासाठी बोटचेपे होईपर्यंत शिजवावे, या जुन्या आग्रहामागचे हे एक कारण. पुढे डॉ. वि. ना. पटवर्धन कुन्नूरच्या संस्थेचे संचालक झाले. त्यांच्या कारकिर्दीत, १९५८ मध्ये, ही संस्था हैदराबादला आली आणि १९६९ मध्ये तिला राष्ट्रीय पोषण संस्था हे नाव मिळाले.

तो काळ प्रथिनांच्या बोलबाल्याचा होता. जगातील मुले खुरटतात ती प्रथिने कमी पडल्यामुळे, असे मोठमोठ्या तज्ज्ञांचे मत झाले होते. म्हैसूरच्या अन्नसंशोधन संस्थेने शेंगदाण्याची पेंड आणि हरभऱ्याचे पीठ यांचे बहुगुणी अन्न तयार केले. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या अहवालाने प्रथिनांच्या जागतिक संकटाचा इशारा दिला. माशांची भुकटी, तेलबियांची पेंड, प्रयोगशाळेत वाढविलेले यीस्ट यांवर आशा खिळल्या. त्याच वेळी हैदराबादेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांचे सहकारी खेड्यांतील मुलांच्या वाटीत काय पडते ते प्रत्यक्ष मोजून पाहत होते. त्यांना असे आढळले की, सुजून आजारी पडणारे मूल आणि सुकून आजारी पडणारे मूल यांच्या आहारात फारसा फरक नव्हता. दोघांची वाटी एकाच धान्य-डाळीची होती. दोघांनाही ती अपुरी मिळत होती. तेच घरचे अन्न पोटभर मिळाले तर प्रथिनांची गरजही त्यातूनच बहुतांशी भागते; पोट अर्धे राहिले तर मुलाचे शरीर दिलेली प्रथिनेही सरपणासारखी जाळून टाकते. १९७४ मध्ये डोनाल्ड मॅक्लॅरेन यांनी लंडनच्या ‘लॅन्सेट’ नियतकालिकात प्रथिनांच्या या साऱ्या मोहिमेची परखड झडती घेतली, आणि जगाचे लक्ष पुन्हा साध्या वाटीकडे वळले.

हैदराबादच्या संस्थेने कुपोषित मुलांसाठी जे मिश्रण सुचविले ते पाहण्यासारखे आहे. भाजलेले गहू ४० ग्रॅम, भाजलेला हरभरा १६ ग्रॅम, शेंगदाणे १० ग्रॅम आणि गूळ २० ग्रॅम. एवढ्यातून सुमारे ३३० कॅलरी आणि ११ ग्रॅम प्रथिने मिळतात. त्यात परदेशी भुकटी नाही की कारखान्याचे गुपित नाही. कोकणातल्या खिमटाची आणि देशावरच्या सातूच्या पिठाची ही जवळचीच बहीण. फरक एवढाच की, आता तिचे माप ठरले होते. आजीच्या अनुभवाला शास्त्राने जी जोड दिली ती मापाची.

तरीही एक अडचण उरलीच. आठ किलो वजनाच्या बाळाच्या पोटात एका वेळी सुमारे २४० मिलिलिटर, म्हणजे एक मोठी वाटीभर अन्न मावते. पीठ पाण्यात शिजले की फुगते. लापशी दाट ठेवली तर ती बाळाला गिळवत नाही. पाणी घालून सैल केली तर वाटी भरते, पोटही भरते, पण आत धान्य थोडेच जाते. मूल जेवून उठते आणि उपाशी राहते. या कोड्याचे उत्तर बडोद्यात मिळाले. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या आहारशास्त्र विभागात डॉ. तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकात असे दाखविले की, गहू किंवा नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून केलेले पीठ चमचाभर घातले तर दाट लापशी पाहता पाहता सैल होते. मोड आलेल्या धान्यातील पाचक द्रव्य पिठाच्या लांब साखळ्या तोडते. एकही थेंब पाणी न वाढविता लापशी गिळण्याजोगी होते आणि त्याच वाटीत अधिक धान्य मावते. नाचणीला मोड आणून सत्त्व काढणाऱ्या मराठी बायकांच्या हाती ही किल्ली पिढ्यान् पिढ्या होती. मात्र सत्त्व अति गाळून चोथा टाकला की धान्यातील काही पोषक अंश चोथ्याबरोबर जातो. म्हणून मोडाच्या धान्याचे पीठ सबंधच वापरावे हे अधिक हितकर.

वाटीत काय असावे याचा निकाल असा लागत असताना, वाटी कोणाची आणि बाळाने बसावे कोठे, याचाही विचार झाला. १९०७ च्या जानेवारीत रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत मारिया माँटेसरी यांनी आपले बालगृह उघडले. तेथे मुलांच्या उंचीची टेबले, हलक्या खुर्च्या आणि मुलांच्या हातांत मावणारी भांडी होती. ती भांडी खऱ्या काचेची आणि चिनी मातीची होती, कारण फुटेल अशी वस्तूच जपून धरायला शिकविते असा त्यांचा विश्वास होता. मूल स्वतः वाढून घेई, स्वतः जेवी, सांडलेले स्वतः पुसे. हा विचार भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी रुजविला. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र उघडले आणि अनुताई वाघ यांच्या साथीने ते कार्य १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांपर्यंत नेले. महागडी परदेशी साधने त्यांनी बाजूला ठेवली; खडे, शिंपले, पाने, बिया यांतून साधने केली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी हा शब्द मराठीत रूढ झाला. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने तोच शब्द देशभर नेला. त्या अंगणवाडीत आज अक्षरांच्या आधी खाऊची वाटी येते, हे योग्यच आहे.

भांड्यांच्या बाबतीत इतिहासाने एक पूर्ण फेरा घेतला. बाटली आणि डबे यांची जाहिरात गरीब देशांत इतकी वाढली की, १९७७ मध्ये तिच्याविरुद्ध बहिष्काराची चळवळ उभी राहिली आणि १९८१ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य परिषदेने या विक्रीवर आचारसंहिता घातली. भारताने १९९२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. २००३ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या डबाबंद अन्नाची आणि दूधबाटलीची जाहिरात आपल्याकडे करता येत नाही. रुग्णालयांतील नवजात बालकांच्या कक्षांत, ज्या बाळांना अंगावर ओढता येत नाही त्यांना आता बाटलीऐवजी छोटी वाटी किंवा पालाडै, म्हणजे आपले बोंडलेच, वापरले जाते. बाळाला उभट धरायचे, भांड्याची चोच ओठांना लावायची आणि त्याने स्वतः गिळेपर्यंत थांबायचे, ही नवी शिस्त मात्र जुन्या बोंडल्याला लागली. नाक दाबण्याला तीत जागा नाही.

आज शास्त्राचा एकूण सल्ला थोडक्यात सांगता येतो. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध. नंतर घरचे मऊ, दाट अन्न सुरू करावे आणि आईचे दूध दोन वर्षे व त्यापुढेही चालू ठेवावे. अन्न चमच्यावरून ओघळून न जाता चमच्यावर ठरेल इतके दाट हवे. सहा ते आठ महिन्यांत दिवसातून दोन-तीन वेळा आणि नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा भरवावे. वर्षानंतर मध्ये एखाददुसरा खाऊ द्यावा. आईच्या दुधाशिवाय अन्नातून मिळायची शक्ती सहा-आठ महिन्यांच्या बाळाला दिवसाला सुमारे २०० कॅलरी, वर्षाच्या आत ३०० आणि एक ते दोन वर्षांच्या मुलाला ५५० लागते. चमचाभर तुपातून ४५ कॅलरी मिळतात, हे लक्षात घेतले की मऊ भातावरची तुपाची धार चैनीची वाटेनाशी होते. मऊ भात-वरण, मुगाची खिचडी, थुली, दुधात कुस्करलेली पोळी, शिजवलेला लाल भोपळा, पालेभाजीचा गर, केळे, आणि ज्या घरी चालते तेथे अंडे किंवा काटे काढलेला मासा, हेच बाळाचे पंचपक्वान्न. सबंध शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षे घशात अडकतात, म्हणून ती या वयाला देऊ नयेत. दाण्याचे कूट द्यावे. मध वर्षाच्या आत मुळीच नको, आणि निरोगी बाळाच्या वाटीत साखर-मीठ घालण्याची घाई नको. आजारात खाणे तोडू नये. थोडे थोडे, वारंवार द्यावे आणि बरे वाटल्यावर काही दिवस एक जेवण अधिक द्यावे.

साधनांची यादीही लहानच आहे. उभ्या कडांची, पसरट बुडाची एक वाटी, म्हणजे कडेला टेकवून घास चमच्यात घेता येतो आणि वाटी कलंडत नाही. बोथट कडांचा लहान चमचा. पाणी पिण्यास छोटे भांडे. गळ्यात धुवट लाळेरे. बसायला पाट, आणि पाठीला भिंत किंवा कोणाची तरी मांडी. यांतील महत्त्वाची वस्तू म्हणजे बाळाची स्वतःची वेगळी वाटी. मोठ्यांच्या ताटातून घास भरविला तर बाळाने नेमके किती खाल्ले हे कोणालाच कळत नाही. वेगळी वाटी असली की संध्याकाळी आई म्हणू शकते, आज अर्धीच संपली. ती अर्धी राहिलेली वाटी पाहूनच पुष्कळशी दुखणी वेळेवर ध्यानात येतात.

एवढा हा इतिहास धुंडाळल्यावर एक गोष्ट स्पष्ट होते. बाळासाठी धान्य होते, डाळ होती, भांडेही होते. वारंवार तुटवडा पडला तो भरविणाऱ्या हाताला मिळणाऱ्या सवडीचा. रबरी नळीची बाटली, अफूची गोळी, गोड भुकटीचा डबा, ही सारी त्या सवडीची निरनिराळ्या काळांतील बदली माणसे होती. दिवसातून चार-पाच वेळा, प्रत्येक वेळी अर्धा तास, एका लहानग्यासमोर कोणीतरी बसले पाहिजे. तो काऊचा घास, चिऊचा घास केवळ लाडापुरता नसतो. मूल पुढचा घास घेईपर्यंत थांबण्याची ती युक्ती आहे, आणि आजचे पोषणशास्त्रही हे थांबणे आहाराचाच भाग मानते. ही सवड एकट्या आईकडून काढून घेण्याचा हक्क कोणालाही नाही. बाप, आजी-आजोबा, पाळणाघर, अंगणवाडी आणि कायदा या सर्वांनी ती वाटून घ्यावयाची आहे. उष्टावणाच्या दिवशी पहिला घास मामा देतो, या प्रथेत घरातील पुरुषाचाही हात बाळाच्या ओठांपर्यंत जातो. तो हात दुसऱ्या दिवशीही पुढे आला, तर कपाटात ठेवलेली चांदीची वाटी खऱ्या अर्थाने कामी आली असे म्हणता येईल.